ठिकाण चार, वेळ दहा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी एक जुनी बादली आहे, पण न्हाणीघरातली नव्हे. माझ्यात कोणी कपडे भिजवले नाहीत, आणि गळक्या छपराखाली ठेवण्याइतके वाईट दिवस अजून माझ्यावर आलेले नाहीत. मी सरकारी बादली आहे. नदीचं पाणी तपासायला काढायचं, ते माझ्यातून. सध्या मी पुलाजवळच्या नावेच्या शेडमध्ये एका खुंटीला टांगलेली असते. इथून नदीच्या नव्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. माझी गोष्ट जरा नीट ऐका, आणि मध्येमध्ये घड्याळाकडेही बघत राहा.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. स्टीलचा पत्रा वाकवला, सांधा जोडला, कड दुमडली आणि तळाला एका बाजूला लोखंडाचा तुकडा बसवला, म्हणजे पाण्यात पडताच मी कलंडून लगेच भरावी. आमच्या जातीत कलंडणं म्हणजे केवढी नामुष्की! मला मात्र त्याच गुणावर नोकरी लागली.

त्या वेळी नदी साफ करण्याची मोठी सरकारी योजना नुकतीच सुरू झाली होती. कचेरीत नवी टेबलं आली, नव्या फायली आल्या, आणि मी आले. मला हाताळायचं काम ज्या बाईंकडे होतं त्यांना साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे मावशी म्हणत. मावशींनी मला पहिल्या दिवशी हातात घेऊन बोटांनी टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "खणखणीत आहे. टिकेल."

आमचं काम ठरलेलं होतं. दर सोमवारी नावेतून पुलाच्या मधल्या खांबापाशी जायचं. ते आमचं ठिकाण चार. घड्याळात दहा वाजले की मावशी दोरी सैल सोडायच्या. मी भरून वर आले की बाटलीत पाणी घ्यायचं, बूच घट्ट लावायचं आणि चिठ्ठी चिकटवायची. ठिकाण चार, वेळ दहा. बावीस वर्षांत मावशींची ही वेळ एकदाही चुकली नाही. अंगात ताप असताना आल्या, सख्ख्या भावाच्या लग्नातून आल्या. नावाडीकाका म्हणायचे, "कारखान्याचा भोंगा चुकेल, पण मावशी चुकायच्या नाहीत." त्यावर मावशी पदर सावरून जरा ताठ बसत.

सुरुवातीची वर्षं काय सांगू! पाणी होतं की काढा, देव जाणे. वरच्या अंगाला रंगाचे, कातड्याचे आणि औषधांचे कारखाने, आणि मध्ये सगळ्या शहराची गटारं. मला वर ओढलं की नावाडीकाका नाकाला रुमाल लावून तोंड फिरवायचे.

मावशींना एक लेक होती. सुट्टी असली की ती आमच्याबरोबर नावेत यायची. पाणी दिसलं की पोरीच्या अंगात येई. नावाडीकाका तिला मासोळी म्हणायचे. दर वेळी तिचा एकच प्रश्न असायचा, "आई, आज उतरू का पाण्यात?"

"बादलीला विचार," मावशी म्हणायच्या.

मग ती गुडघ्यावर बसून माझ्यात नाक खुपसायची, आणि "शी!" करून मागे सरायची. "बादली नाही म्हणते," असं म्हणून बिचारी हात बाहेर ठेवूनच बसायची. पुढे ती तलावात पोहायला शिकली, बक्षिसं मिळवली आणि मुलींच्या शाळेत पोहण्याची शिक्षिका झाली. नदीत मात्र तिने पायाचं बोटही बुडवलं नाही.

योजनेने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? जलपर्णी काढणारी यंत्रं आली. मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं, गटारं तिकडे वळवली. वास कमी झाला. एके सोमवारी माझ्यात एक इवलीशी मासळी आली, जिवंत! मावशी बूच लावायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिल्या, आणि मग त्यांनी हळूच तिला नदीत परत सोडलं. डोळे पुसत म्हणाल्या, "ऊन लागतंय."

त्यानंतर दर सोमवारचा निकाल चांगला येऊ लागला. साहेबांची बढती झाली. कचेरीत पेटीतलं नवं यंत्र आलं. दांडा पाण्यात घातला की आकडा दिसतो, बाटली नको आणि बादलीही नको. रजिस्टरात माझ्या नावावर लाल रेघ ओढली गेली. मावशींनी मला भंगारात जाऊ दिलं नाही एवढंच. त्या यंत्राआधी एकदा मला पाण्यात सोडायच्या आणि वास घ्यायच्या. "यंत्राला नाक कुठे असतं?" असं म्हणायच्या. जुन्या माणसांना जुन्या वस्तूंची माया असते, मित्रांनो.

मग तो सोमवार आला. मी पाण्यात होते, माझी दोरी मावशींनी खांबाच्या कडीला बांधली होती, आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडून लेक ओरडत होती. "आई! नदी स्वच्छ झाल्याचा मोठा कार्यक्रम ठरलाय! माझ्या शाळेतल्या मुली पोहत पलीकडे जाणार, आणि सगळ्यांत पुढे मी! आता तरी बादली हो म्हणेल ना गं?"

मावशींना आनंदाने काही सुचेना. यंत्र आवरलं, नाव फिरवली आणि त्या निघून गेल्या. मी तशीच बांधलेली राहिले, अर्धी पाण्यात. बावीस वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी विसरलं होतं.

आधी रागच आला. म्हटलं, लेकीच्या कौतुकात माझी आठवणही राहू नये? पण दुपारी तीनला कारखान्यांचा भोंगा झाला, आणि थोड्याच वेळात माझ्याभोवतीचं पाणी कोमट झालं. मला वाटलं, ऊन असेल. ऊन नव्हतं. पाणी आधी चहासारखं झालं, मग त्यावर तेलकट साय आली. आडोशाला म्हणून माझ्या पोटात चार मासळ्या येऊन थांबल्या होत्या. त्या एकेक करून उलट्या झाल्या. सकाळपर्यंत सगळं वाहून गेलं, आणि दहा वाजता नदी अशी साळसूद दिसू लागली की जणू काही घडलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनचा भोंगा. तिसऱ्या दिवशीही. सात दिवस मी ते अंगावर घेतलं.

पुढच्या सोमवारी मावशी आल्या. "अगं बाई, इथेच राहिलीस होय!" म्हणत त्यांनी मला वर ओढलं आणि त्यांचा हात थांबला. माझ्या पोटाला बोटभर रुंद काळं कडं पडलं होतं. तळाशी मेलेल्या मासळ्या होत्या.

"आठवडाभर पाण्यात पडली, काळी पडणारच," नावाडीकाका म्हणाले.

"स्टील पाण्याने काळं पडतं होय?" मावशींनी काथ्याने घासघास घासलं. कडं निघेना. मग त्यांनी यंत्र सोडलं. आकडा उत्तम आला. त्या कितीतरी वेळ कधी आकड्याकडे, कधी माझ्याकडे बघत बसल्या. अखेरीस हळूच म्हणाल्या, "काका, आपण दहालाच येतो हे किती जणांना माहीत असेल हो?"

"कोणाला माहीत नाही ते विचारा," नावाडीकाका हसत म्हणाले. मावशी हसल्या नाहीत.

त्या मला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, एकदा तीनच्या भोंग्यानंतर, दुपारी चारचा नमुना घेऊन बघू का?"

साहेबांनी माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "मावशी, फॉर्मवर वेळ दहाची छापलेली आहे. चारचा नमुना घेतलात तर लिहिणार कुठे? आणि कार्यक्रम चार दिवसांवर आलाय. सगळ्या निकालांवर सही तुमचीच आहे ना? मग?"

मावशी मला उचलून बाहेर पडल्या. जिन्याच्या वळणावर त्या मला मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, आता लेकीला फोन करतील. त्या पुटपुटल्या, "पोहायचं दहालाच आहे. दहाला पाणी चांगलंच असतं. मुलींना काही होणार नाही." हेच त्यांनी दोनदा म्हटलं. मग मला इथे आणून या खुंटीला टांगलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. ही बाई माझ्यापासून नजर चोरते आहे, हे बघून मला फार वाईट वाटलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. नव्या पायऱ्यांवर मांडव, खुर्च्या, कापडाने झाकलेला फलक. भिंतीकडे तोंड असल्याने हे मला नंतर दिसलं, पण कान शाबूत होते. दहा वाजले. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. अकरा वाजले. "पाहुणे वाटेत आहेत," ध्वनिक्षेपक सांगत होता. बारा झाले, एक झाला. मुली टोप्या घालून पायऱ्यांवर बिस्किटं खात बसल्या होत्या, त्यांची चेष्टामस्करी मला ऐकू येत होती. दोन वाजता घोषणा झाली, "पाहुणे आल्यावर लगेच पोहण्याचा कार्यक्रम होईल."

तीन वाजले. भोंगा झाला.

तिथे शेकडो माणसं होती, मित्रांनो. भोंगा सगळ्यांनी ऐकला आणि कोणाची बडबडसुद्धा थांबली नाही. त्याचा अर्थ दोघींनाच ठाऊक होता. त्यातली एक खुंटीला टांगलेली होती.

पाहुण्यांची गाडी आली. टाळ्या झाल्या. लेकीने मुलींना रांगेत उभं केलेलं मी ऐकलं. तेवढ्यात शेडचं दार धाडकन उघडलं आणि मावशी आत आल्या. धाप लागलेली, चप्पल एकाच पायात. त्यांनी मला खुंटीवरून ओढलं आणि धावत शेवटच्या पायरीपर्यंत गेल्या. मला पाण्यात फेकलं. मी कलंडले, भरले. पाणी कोमट होतं.

"आई, काय चाललंय? सगळे बघताहेत!" लेक दबक्या आवाजात म्हणाली. तिच्या शाळेतली सगळ्यांत धाकटी मुलगी रांग सोडून घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली होती.

मावशींनी मला तिच्यापुढे धरलं. "बादलीला विचार."

लेक लाजून हसली. मग लहानपणासारखीच गुडघ्यावर बसली आणि माझ्यात वाकली. हसू गेलं. डोळ्यांत पाणी आलं, ते वासाने. तिने शिट्टी तोंडात घातली आणि ती अशी वाजवली की मांडवातले लोक उठून उभे राहिले. "मागे! सगळ्या मागे! एकीनेही उतरायचं नाही!" धाकटीला तिने काखेत धरून उचललं. पोरीचे पाय घोट्यापर्यंत लालभडक झाले होते आणि ती रडत होती.

साहेब धावत आले. "काय तमाशा आहे हा? ही बादली आमची नाहीच! रजिस्टरातून कधीच काढलीय!"

"बादली नसेल तुमची, साहेब," मावशी म्हणाल्या. "पाणी तरी तुमचंच आहे ना?"

मला वाटलं, आता सगळं बदलेल. भाबडी कुठली! ध्वनिक्षेपकावर सांगण्यात आलं की तांत्रिक कारणामुळे पोहणं रद्द झालं आहे. पाहुण्यांनी फलकावरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. मावशींची बदली फायलींच्या खोलीत झाली. सोमवारी दहाला आता दुसरं कोणीतरी यंत्र घेऊन येतं. आकडा उत्तम येतो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मला टांगायला दोघी मायलेकी इथे आल्या होत्या.

"तुला आधीच माहीत होतं?" लेकीने विचारलं.

"पुरतं नाही. निम्मं."

"म्हणजे पाहुणे वेळेवर आले असते, तर दहा वाजता तू मला उतरू दिलं असतंस."

मावशींनी मान डोलावली. त्या माझ्याच शेजारी जमिनीवर बसून रडल्या. लेक बसली नाही, पण गेलीही नाही.

आता लेकच मला वापरते. कधी मंगळवारी चारला, कधी शुक्रवारी पाचला. वेळ ठरवून येत नाही. जे दिसतं ते वहीत लिहिते, कचेरीला पाठवते. उत्तर आलेलं नाही. माझ्या पोटावर आता तीन कडी आहेत. मला घासून चकचकीत करू नका, मित्रांनो, तीच माझी सही आहे. आणि कोणी म्हणालं पाणी चांगलं आहे, तर आधी विचारा, कधी बघितलं होतं? जिथे सगळे तुमची वाट बघत असतात तिथे, त्या वेळेला जाऊन काही कळत नाही.

आज रविवार आहे. लेक परगावी गेली आहे. भोंगा रविवारीही होतो, आणि तो आत्ताच झाला. मघापासून पायऱ्यांवर एक कुटुंब आलं आहे. बाप मोठ्याने फलक वाचून दाखवतोय, "नदी स्वच्छ झाली आहे." आई टॉवेल पसरतेय. दोन लहानग्यांनी चपला काढल्या आहेत, आणि आधी कोण उतरणार यावरून त्यांचं भांडण चाललंय.

मला हाक मारता येत नाही. शेडला कुलूप नाही, दोरी खुंटीलाच आहे, गाठ सैल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी धावत या ना.