पांढऱ्या बोटीची वाट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. चिखलीच्या मागे, इंद्रायणीच्या काठावर एका बाभळीखाली मी राहते. नावाडी ज्योतीरामांनी सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि माझे सांधे डांबराने बुजवले. पलीकडे चाकणच्या बाजूला कंपन्यांत जाणारे कामगार सायकलीसकट माझ्यात बसत. "होडी हाय म्हणून शिफ्ट गाठतोय, राव," असं ते म्हणाले की माझा ऊर भरून येई. ज्योतीरामांची लेक अपेक्षा माझ्यातच वल्हं मारायला शिकली.

पुढे पूल झाला. मला उपडी घालून ठेवलं. माझ्या पाठीवर शेळ्या चढू लागल्या.

मग नदीकाठचे घाट जलमार्गाने जोडायचं ठरलं. सहलीला आलेल्यांनी एका घाटावर बसायचं, काठ बघत बघत दुसऱ्यावर उतरायचं. त्यासाठी एका कंपनीची पांढरी मोटरबोट आली. तिला गाद्या होत्या, छत होतं, रंगीत दिवे होते. आणि तिच्या सुकाणूच्या चाकापाशी कोण? माझी अपेक्षा! लोक त्या बोटीसोबत फोटो काढत. माझ्याकडे कुणी पाहतही नसे. माझ्या जिवाचा नुसता तिळपापड होई. हिचं इंजिन एकदा बंद पडावं, असं मला रोज वाटे.

पावसाळा सरला आणि सांडपाण्यावर पोसलेल्या जलपर्णीने नदी हिरवीगार झाली. पांढऱ्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जलपर्णीची मुळं गुंतली. फेऱ्या थांबल्या. मला केवढा आनंद झाला!

संध्याकाळी अपेक्षा ज्योतीरामांसोबत माझ्या शेजारी येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते. "आप्पा, सफाईचं मशीन उथळ पाण्यात शिरत न्हाई. वाट मोकळी झाली न्हाई, तर साहेब मला घरी बसवणार."

"घरी कशी बसशील? धर त्या टोकाला," ज्योतीराम म्हणाले.

बापलेकीने मला उलथवलं, नवं डांबर लावलं आणि पाण्यात ढकललं. त्या नटवीसाठी मी का राबू? मी मनात धुमसत होते. पण वल्ह्यावर अपेक्षाचे हात पडले आणि मला पुढे सरकावंच लागलं. कुजकी जलपर्णी, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या, सगळं माझ्या पोटात भरलं. ती पांढरी बोट मात्र धक्क्याला स्वच्छ उभी होती.

अखेर वाट मोकळी झाली. पांढरी बोट माणसांनी भरून माझ्या अंगावर लाटा उडवत निघाली.

"ती घाणेरडी होडी कुणाची हो?" बोटीतल्या एका बाईंनी विचारलं.

"ती माझी," चाकापाशी बसलेली अपेक्षा म्हणाली.

"मग ही?"

"ही कंपनीची."

मित्रांनो, हेवा अजून गेलेला नाही. छताखालच्या गाद्या पाहिल्या की जळफळाट होतोच. तुम्ही खुशाल तिच्यात बसा, पण हातातली पिशवी नदीत टाकू नका. ती उचलायला मलाच जावं लागतं, आणि माझ्या फळ्या आता फार ओझं सोसत नाहीत.