जेठांसारखा शिपाई

असोद्याच्या धुरपदाबाई मुलासोबत चीनमधल्या शिआन शहरात फिरायला गेल्या. तिथली हजारो मातीच्या शिपायांची पुरातन फौज बघता बघता त्यांनी एकदम डोक्यावर पदर ओढला.

"काय झालं, आई?" समाधाननं विचारलं.

"तो तिसऱ्या रांगेतला बघ. हुबेहूब तुझे मोठे आबा! तीच मिशी, तेच डोळे वटारणं."

"अगं, मातीचा आहे तो!"

"असू दे. तुझ्या बाबांचे थोरले भाऊ ना ते! जेठांसमोर उघड्या डोक्यानं कशी उभी राहू?"

गावी परतल्यावर समाधाननं मोठ्या आबांना त्या शिपायाचा फोटो दाखवला. आबांनी चष्मा पुसून तो बराच वेळ निरखला.

"फारच खडूस दिसतो रे हा," ते कळवळून म्हणाले. "याच्या घरच्यांनी दिवस कसे काढले असतील!"

धुरपदाबाई हसू दाबत चहा ठेवायला आत गेल्या.