उडणाऱ्या माणसांची गोष्ट

"हुसेनभाई, आता तरी झाला असेल तो फिल्टर स्वच्छ," अमिता म्हणाली.

"जरा धूळ हाय ताई," हुसेनमियाँ म्हणाला.

धूळ कसली नि काय! फिल्टर लख्ख झाला होता. पण टीव्हीवरची गोष्ट अर्ध्यावर होती.

सौदीतल्या धाहरानच्या त्या कॉलनीतले एसी हुसेनमियाँ बघायचा आणि दर गुरुवारी चार वाजता न चुकता अमिताकडे उगवायचा. एसीला काही झालेलं नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची लेक संपदा त्या वेळी एक अमेरिकन कार्यक्रम बघे. त्यात एक काळी आजी आपल्या लोकांच्या जुन्या गोष्टी सांगायची. गुलामीतल्या, गावाकडून हिसकून आणलेल्या माणसांच्या. हुसेनमियाँला इंग्रजीचा गंध नव्हता. चित्रं बघून जेवढं कळे तेवढं कळे, बाकीचं अमिता चहा देता देता सांगे.

तीच गोष्ट मग तो शुक्रवारी फोनवर गावाकडच्या आपल्या लेकीला, रुमानाला सांगायचा. तो गावाहून निघाला तेव्हा पोरगी पाच वर्षांची होती, आता आठवं लागलं होतं. फोन आला की हल्ली ती अंगणात पळायची. पोटची पोर आपल्याला विसरत चालली, असं त्याला वाटे. गोष्ट असली तरच ती थांबे.

"शेवटी काय झालं, ताई?"

"म्हाताऱ्याने एक शब्द उच्चारला आणि शेतातली माणसं उडून आपल्या देशी गेली. ज्यांना तो शब्द येत नव्हता, ती तिथेच राहिली."

"शब्द काय हुता?"

"मलाही नाही कळला हो. आफ्रिकेतला कुठला तरी असेल."

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज आटोपून तो दम्मामच्या आपल्या कामगार कॅम्पच्या गच्चीवर गेला. आज त्याला आणखी एक सांगायचं होतं. ईदची रजा रद्द झाली होती. बदली माणूस आला नव्हता, आता उन्हाळा सरल्यावर बघू म्हणे. बायकोला, शरफुन्निसाला, त्याने सकाळीच कळवलं होतं. "रुमानाला तुमीच सांगा. माज्यानं नाय व्हायचा," ती म्हणाली होती.

आधी गोष्ट सांगू, असं त्याने ठरवलं. कापसाचं शेत, डोक्यावर ऊन, पाठीला बाळ बांधलेली बाई, आणि एका शब्दाने माणसांना उडवून देशी धाडणारा म्हातारा. गोष्ट रंगात आली.

"आनी मुकादम शिट्टी मारी, पानी प्यायला गेलात तरी घड्याळ बघी. डोक्यावर हिरवा हेल्मेट..."

"अब्बा," रुमाना म्हणाली, "हिरवा हेल्मेट तर तुमच्या फोरमनचा हाय. तुमीच सांगितलाव."

ती माणसं गुलाम होती, आपण आपल्या हाताने सही करून आलोय, एवढं हुसेनमियाँला कळत होतं. तरी हेल्मेट तोंडातून निसटलंच.

"मग तुमी कवा उडनार? ईदला ना?"

"ईदला नाय जमत बेटा. रजा नाय दिली."

आता ती अंगणात पळणार, असं त्याला वाटलं.

"तो शब्द बोला की मग," ती एकदम म्हणाली. आवाज रडका होता.

"माला नाय येत तो. ताईंना पन नाय कळला."

"काय अब्बा तुमी! गोष्ट ऐकलाव नि शब्दच इसरलाव?" नाक ओढल्याचा आवाज आला. "थांबा. मी बनवते. बोला, झुंबारी डुंबारी."

हुसेनमियाँने मागे बघितलं. दोघे जण तारेवर कपडे वाळत घालत होते.

"झुंबारी डुंबारी," तो पुटपुटला.

"मोठ्यान!"

तो मोठ्याने म्हणाला. कपडे वाळत घालणारे थबकून बघू लागले. बघू देत.

"पाय उचललेत?"

सेफ्टी शूजमधल्या टाचा त्याने वर केल्या.

"उचलले."

"गेलाव वर?"

"जरासा."

"आता खाली उतरायचा नाय हां. मी अम्मीला बोलावते," ती म्हणाली, आणि धावत गेल्याचा आवाज आला.

फोन कानाशी धरून, चवड्यांवर तोल सावरत, हुसेनमियाँ तसाच उभा राहिला.