मिठाचा हात

माझ्या वहिनीचं पोट चंद्राच्या नोकरीत आहे. चंद्र वाढला की एकादशी, घटला की पुन्हा एकादशी, मध्ये कुठे प्रदोष, कुठे संकष्टी. मी देवाला लांबूनच नमस्कार करणारी. उपास म्हटलं की मला दुप्पट भूक लागते.

आम्ही दोघी एकाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात. मी भाज्या चिरते, ती शेगडीवर असते. आमचे मुख्य आचारी, म्हणजे वस्ताद, आता निवृत्त होणार होते. त्यांच्या एप्रनच्या खिशातला लांब दांड्याचा चमचा ज्याला मिळेल तो पुढचा मुख्य आचारी. दावेदार दोन, वहिनी आणि शेजारच्या शेगडीवरचा आचारी, ज्याला आम्ही सगळे चटपट म्हणतो. चटपटला चमचा मिळाला असता तर वहिनीला रोज त्याच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या, आणि शिव्या काय, उपासालाही चालतात.

वस्तादांनी परीक्षा लावली. दोघांनी मालकांच्या टेबलासाठी सूप करायचं. दिवस निघाला नेमका एकादशीचा.

"दिवस बदलून माग," मी सकाळी म्हटलं.

"कशाला? उपास पोटाला आहे, हाताला नाही."

"आणि चव कोण बघणार? जिभेवर एक थेंब ठेवलास तर देव काही काठी घेऊन येत नाही."

"देव नाही येणार, वन्सं. सासूबाई येतील!"

आई जाऊन कितीतरी दिवस झाले, पण तिचा धाक अजून घरात आहे. तिच्या राज्यात नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायची कोणाची टाप नव्हती. मी एकदा नुसतं बोट चाटलं तर पाठीत धपाटा बसला. वहिनी मात्र तिच्या हाताखाली मीठ तळहातावर तोलायला शिकली. दर द्वादशीला देवापुढे पान गेलं, आणि कधी काही अळणी झालं नाही की खारट झालं नाही.

शेगड्या पेटल्या. चटपट ढवळायचा, चाखायचा, मीठ टाकायचा, पुन्हा चाखायचा. त्या दिवशी नेहमीचं बारीक मीठ संपलं होतं, जाडं आलं होतं. वहिनीने ते बोटांत चुरून पाहिलं, तळहातावर घेतलं, वर आणखी एक चिमूट टाकली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

वस्ताद आले. "चव घेतलीस?"

"नाही."

"न चाखलेलं भांडं माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर जात नाही."

"माझा उपास आहे. पहिली चव तुमची."

सगळ्यांचे हात थांबले. उपासांची टिंगल करणारी मी, पण मनात म्हटलं, देवा, आज एवढं माझं ऐक.

वस्तादांनी आधी चटपटचं सूप घेतलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. चाखून चाखून त्याची जीभ बधिर झाली होती, मीठ वाढतच गेलं होतं. मग वहिनीचं. एक चमचा. दुसरा. मग म्हणाले, "वाटी आणा रे!"

मी आनंदाने पळीने पातेलंच बडवलं. माझी वहिनी ती! मालकांच्या टेबलावरून सूपचं भांडं पुसल्यासारखं परत आलं.

"उद्या सकाळी उपास सोडायला इथेच ये," वस्ताद तिला म्हणाले. "मी रांधतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिचं ताट वाढलं. गरम भात, भाजी, वरण. अख्खं स्वयंपाकघर गोळा झालं होतं, चटपटसुद्धा. वहिनीने हात जोडले, एक घास बाजूला काढून ठेवला आणि जेवायला सुरुवात केली. वस्तादांच्या हातच्या अन्नाला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती.

"छान आहे," ती म्हणाली. मग मान खाली घालून, "फक्त मीठ किंचित कमी आहे."

वस्तादांनी पातेल्यातली भाजी तोंडात टाकली, चावली, आणि असे गडगडून हसले की झाकणं वाजली. त्यांनी खिशातला चमचा काढून तिच्यापुढे धरला.

वहिनीने तो कपाळाला लावला, एप्रनच्या खिशात घातला आणि मिठाची बरणी वस्तादांकडे सरकवली.