हललं का?

चौथा महिना सरून पाचवा लागला आणि घरात चष्मेवालीच्या तब्येतीची चौकशी बंद होऊन तिच्या पोटाची सुरू झाली. चष्मेवाली हे नाव सासरचं. तिला स्वतःला चष्मा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, एवढंच. पण नाव ठेवायला सासरच्यांना कधी कारण लागलंय?

पाचवा महिना म्हणजे सुखाचा महिना, असं जो तो तिला सांगून गेला होता. अर्धी वाट सरली, आता मळमळ जाते, भूक लागते, तोंडावर तेज येतं. मळमळ गेली खरी, पण तिची जागा छातीतल्या जळजळीने घेतली होती, पोटऱ्यांत गोळे येत होते, आणि तेज म्हणाल तर ते फक्त नाकाच्या शेंड्यावर उतरलं होतं. हे तिने समोरच्या दारातल्या काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "अगं, तेच ते सुख."

आणि मग तो प्रश्न. सासूबाई सकाळी चहाचा कप हातात देताना विचारत, ती दुकानातून परतली की चपला काढायच्या आत विचारत. "हललं का?"

"अजून नाही, आई."

"हं," सासूबाई म्हणत. त्या एका हुंकारात बरंच काही मावत असे. "माझं थोरलं या दिवसांत नुसतं थैमान घालायचं." थोरलं म्हणजे चष्मेवालीचा नवरा. आता त्याला सोफ्यावरून उठवायला चार हाका माराव्या लागत, ही गोष्ट वेगळी.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाली डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायची आणि पोटावर हात ठेवायची. काही नाही. तिला भीती वाटायची, आणि ती साधीसुधी नव्हती. बाळ धड असेल ना? आपल्यालाच कळत नसेल, की कळण्यासारखं काही नसेलच? आई असती तर तिने आईला विचारलं असतं. आई नव्हती.

एका रविवारी काकू, सासूबाई आणि फोनवर नणंद अशा तिघींनी मिळून तोच प्रश्न विचारला, तेव्हा तिचा धीर सुटला. "हो," ती म्हणाली. "हललं सकाळी."

घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी हातातली भाजी टाकून तिच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे काय! मारतंय की लाथा!"

चष्मेवाली बघतच राहिली. तिच्या पोटात त्या वेळी फक्त दुपारचं जेवण होतं. मग काकूंनी हात लावला आणि त्यांना एक नाही, दोन लाथा लागल्या. नवरा गाड्या चालवायला शिकवायचा. त्याने कान टेकवून निदान केलं की, डावा पाय जास्त चालतोय, म्हणजे क्लचवर पकड चांगली असणार. नणंदेला तर फोनवरूनच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुकानाचे मालक बिचारे चार हात लांबूनच म्हणाले, "मघाशी तुम्ही फ्रेम काढायला वाकलात ना, तेव्हा मला दिसलं."

हा आजार तिच्या ओळखीचा होता. तक्त्यावरची खालची ओळ न दिसणारी माणसं तिच्यासमोर रोज बसत. एक भिंग घालून ती विचारायची, "आता बरं दिसतंय?" दुसरं घालायची, "की आता?" आणि नुसती रिकामी फ्रेम नाकावर ठेवली तरी कोणीतरी म्हणायचंच, "वा! आता कसं स्वच्छ!" माणसाला दिसत नाही याचं दुःख नसतं. शेजारच्याला दिसतंय आणि आपल्याला नाही, हे मात्र त्याला सहन होत नाही. दुकानात ती अशा लोकांना मनातल्या मनात हसायची. घरी मात्र तिची पंचाईत झाली, कारण इथे पहिली खोटारडी तीच होती. आता "मला काहीच जाणवत नाही, मला भीती वाटते" हे सांगायचं कोणाला? खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो तिच्या कपाळी बसला होता आणि ती गुपचूप चोळत होती.

पाचव्या महिन्याच्या मोठ्या सोनोग्राफीला नवरा आणि सासूबाई दोघंही आले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेल लावलं आणि पडदा स्वतःकडे वळवून सहज विचारलं, "हालचाल जाणवते ना?"

"जाणवते म्हणजे काय!" सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर धिंगाणा असतो."

"डाव्या पायाने," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाई पडद्याकडेच बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. ते न बोलणं चष्मेवालीला सोसेना. हसं होऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, बाळापुढे लाज कसली?

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "मला एकदाही जाणवलेलं नाही. मी खोटं सांगितलं होतं." आणि तिला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. आत एक चिमुकलं माणूस हातपाय झाडत होतं, मध्येच पाठ वळवत होतं, पुन्हा झाडत होतं. "अगदी छान आहे बाळ," त्या म्हणाल्या. "तुमची वार, म्हणजे प्लॅसेंटा, पुढच्या बाजूला आहे. मध्ये उशी ठेवल्यासारखं झालंय, म्हणून लाथ तुमच्यापर्यंत पोचत नाही. पहिलटकरणीला तसाही उशीर लागतो. कळेल दोन-तीन आठवड्यांत." मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "बाहेरून हाताला लागायला तर त्याहून वेळ आहे."

चष्मेवालीच्या जिवात जीव आला. सासूबाईंच्या मात्र पोटातलं पाणीही हललं नाही. बाहेर येताच त्या म्हणाल्या, "डॉक्टरचं वय काय, बोलते काय! मी दोन बाळंतपणं काढलीत. आईला कळलं नाही म्हणून आजीला कळू नये, असं कुठे लिहिलंय?" आणि रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी सुनेच्या पोटावर हात ठेवून ताजी बातमी दिली, "बघ, आत्ता मारली!"

नवऱ्याने आईचीच री ओढली. चष्मेवालीने वाद घातला नाही. बाळ बरं होतं. बाकी जगाने काय वाटेल ते बरळावं.

पुढे एका दुपारी अंधाऱ्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ खालची ओळ खणखणीत आवाजात वाचत होते. तिने तक्ता बदलला होता, तरी ते पाठ करून आलेली जुनीच ओळ म्हणत होते. आणि तेवढ्यात आतून काहीतरी टिचकलं. बोटाने हलकेच टिचकी मारावी, तसं. ती थांबली. पुन्हा टिचकलं.

"चुकलं का काही?" गृहस्थांनी घाबरून विचारलं.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण अंधारात ते कोणाला दिसणार? "सगळं बरोबर आहे." एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला तिने दिलेला हा पहिला खोटा निकाल. मग भानावर येऊन तिने त्यांना वरच्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावलं.

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. नवीन काय सांगणार? घरात तर महिनाभर लाथांचा पाऊस पडत होता.

दिवस गेले, पोट वाढलं. एका संध्याकाळी ती वाटाणे सोलत बसली होती. सासूबाई शेजारी बसल्या आणि बोलता बोलता सवयीने तिच्या पोटावर हात ठेवला. "आज काय म्हणतंय आमचं..."

पुढचा शब्द आला नाही. हाताखाली खरीखुरी लाथ बसली होती, टाचेसकट. सासूबाईंनी हात झटकन मागे घेतला, मग हळूच पुन्हा ठेवला. ज्या बाईने इतके दिवस लाथांचं धावतं वर्णन केलं होतं, तिला एक शब्द सुचेना. दुसरी लाथ बसली तशा त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अगं, हे असं असतं होय! मी विसरूनच गेले होते गं."

चष्मेवालीने हातातली शेंग खाली ठेवली.

"तुला कधीपासून कळतंय?"

"झाले बरेच दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हा सगळ्यांना आधीच माहीत होतं ना, आई."

सासूबाईंनी मान खाली घातली. पण हात काढला नाही. चष्मेवालीने आपला हात त्यावर ठेवून तो थोडा डावीकडे सरकवला, जिथे हल्ली जास्त लागायचं तिथे.

तेवढ्यात नवरा बाहेरून आला आणि चावी टेबलावर फेकत मोठ्याने ओरडला, "काय, मारतंय का लाथा? थांबा, मला बघू दे!"

सासूबाईंनी वरही पाहिलं नाही.

"झोपलंय," त्या म्हणाल्या.