चुन्यात बुडवलेले चार चिंचोके

ममताच्या कापडी पिशवीत सहा चिंचोके होते. चार चुन्यात बुडवून पांढरे केलेले, दोन तसेच काळे. रोज सकाळी गस्तीला निघताना ती ओट्यावर बसून पिशवी हलवायची आणि न बघता एक काढायची. पांढरा आला तर टेकडीची वाट, काळा आला तर नाल्याची.

ममता शिरपूरकडच्या जंगलात वनरक्षक होती. प्रेमराजची चोरीच्या सागवानाने भरलेली पिकअप तिनेच पकडली होती, आणि सोमवारी कोर्टात तिची साक्ष होती. "तोवर जंगलात सांभाळून फिरा, मॅडम," प्रेमराज हसत म्हणाला होता. तिच्या आधीच्या वनरक्षकाचं, रोहिदासचं, डोकं दगडाने फुटलं होतं. सोबतीला माणूस मागितला तर साहेब म्हणाले, सोमवारनंतर बघू. गस्त चुकवायची सोय नव्हती. चाललेली वाट मोबाईलवर नोंदली जायची.

चिंचोक्यांची युक्ती तिच्या बहिणीची. नूतन देवपुरात कॉलेजला गणित शिकवायची.

"तो एका वाटेवर दबा धरणार, तू एका वाटेने जाणार," ती फोनवर म्हणाली होती. "टेकडीवर गुराखी असतात, नाल्यात हाक ऐकायला कुणी नाही. म्हणजे नाल्यात गाठलं तर दुप्पट वाईट. म्हणून नाल्याने तीनात एकदाच जा. पण कधी, ते तुलाही आधी कळता कामा नये. मग तो कुठेही बसला तरी त्याला सारखंच."

"आणि माझी भीती?"

"ती तेवढीच राहते गं."

गुरुवारी पांढरा निघाला. शुक्रवारी पांढरा. शनिवारी पुन्हा पांढरा. सलग तिसऱ्यांदा तीच वाट नको म्हणून तो परत टाकावा असं तिला फार वाटलं, पण नाही टाकला. तिन्ही दिवस काही झालं नाही.

रविवारीही पांढराच निघाला. ममता बूट घालत होती तोवर समोर म्हैस पिळणारी घरमालकीण मोतीबाई फोनवर कुणाशी तरी बोलून हसली.

"आज बी धवळाच का वं पोरी?"

ममताचे हात थांबले. "तुम्ही बघता, अक्का?"

"रोजच देखस ना. तो जीवराम बी इचारस. दूध किती शे म्हनीसन फोन करस, मंग हासस, तुन्ही बाईना कोनता निंघना? आत्तेच फोनवर सांगं मी त्याले."

जीवराम फाट्यावर दूध गोळा करायचा. दोन्ही वाटा त्याच्या टपरीसमोरूनच फुटत. आणि तो प्रेमराजचा साला होता. पांढरा म्हणजे टेकडी, हे तीन दिवसांत त्याने जुळवलं असणार.

मग आज उलट जावं, नाल्याने? पण चिंचोक्याचं गुपित फुटल्यावर आपण उलट जाऊ, हेही ते धरून बसले असतील तर? तर मग टेकडीनेच? या विचाराला तळ नव्हता.

ती आत गेली. कडी लावली. सगळे सहा पिशवीत टाकले, हलवले आणि अंधारात एक काढला. मूठ खिडकीपाशी नेऊन उघडली.

काळा.

फाट्यावर जीवराम कॅन धूत होता. त्याने आधी टेकडीच्या वाटेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती नाल्याकडे वळली तेव्हा कॅनवर फिरणारा त्याचा हात थांबला.

ती मागे न बघता चालत राहिली. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "हॅलो? हॅलो?"

टेकडीवर रेंज धड मिळत नाही, हे तिला माहीत होतं. तिथे कुणी दबा धरून बसलं असेल तर त्याला निरोप पोचण्याइतकी मिळते का, हे माहीत नव्हतं. तिने चालायचा वेग वाढवला.