भिंतीलगतचे बुटके रोप

मित्रांनो, मी वीतभरही उंची नसलेले एक जुने रानरोप आहे. मला नखाएवढी जांभळी फुले येतात. सात उन्हाळे काढले मी, पण त्यातल्या एका वर्षी माझ्याशी काय घडले, ते मला अजून नीट उमगलेले नाही.

माझा जन्म रस्त्याकडेच्या मुरमाड चढावर झाला. तिथे माती कमी, खडे जास्त. रस्ता रुंद करायला यंत्र आले, तेव्हा शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला मुळासकट उचलून घरी आणले. काळी माती, भरपूर खत, दोन्ही वेळा पाणी. असे लाड मी कधी पाहिले नव्हते. मी भराभर वाढलो आणि आडवा पडलो. पाने पिवळी पडली. फूल एकही नाही. एवढे मिळत असताना मी सुकत का होतो?

बाईंचे यजमान सुतार. आजारातून उठल्यापासून ते आपल्या लाकूडकामाच्या कारखान्यात जायचे म्हणत, पण बाई त्यांना खुर्चीतून हलू देत नसत. एका सकाळी ते माझ्यापाशी येऊन बसले.

"अगं, मुळं कुजताहेत याची."

"तुम्ही आधी उठा बघू तिथून. दम लागेल."

"लागू दे."

बाई बाजारात गेल्यावर त्यांनी मला उपटले, कुजकी मुळे छाटली आणि भिंतीलगत विटांच्या तुकड्यांत नि वाळूत लावले. मला वाटले, टाकून दिले. बाईंनाही तसेच वाटले.

"तीन आठवडे पाणी घालू नकोस," ते म्हणाले. "मग काय बोलायचं ते बोल."

बाई अबोला धरून बसल्या. रोज येऊन बघत आणि परत जात. मी तहानेने खाली खाली मुळे धाडत होतो. रागवावे तरी कोणावर, हेच कळेना.

महिनाभराने मी फुलांनी भरून गेलो.

"मी याचं इतकं केलं, आणि फुललं ते तुमच्या हातचं," बाई म्हणाल्या.

"तू आणलं नसतंस, तर रस्त्याखाली गेलं असतं."

बाईंनी माझे एक फूल बोटावर अलगद उचलून पाहिले. मग म्हणाल्या, "कारखान्यात जायचं म्हणत होतात ना? या जाऊन. जेवायला मात्र घरी या."

मित्रांनो, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. मला जीव लावणाऱ्या हातांनीच मी मरायला टेकलो होतो. म्हणून एवढेच मागतो, कुणाचे काही करायला जाल, तेव्हा आधी घडीभर त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय सोसते ते बघा. आम्हाला सांगता येत नाही.